पहिल्या पानावर कोण बसलंय ते पाहा

वाचकांचे प्रश्न : वेबसाइट आणि सर्च

प्रश्न : नोकरी सांभाळून एक वेबसाइट सुरू करायची आहे. तीन विषय डोक्यात आहेत : पाठदुखीवरचे व्यायाम, फाउंटन पेन आणि हौशी आकाशनिरीक्षकांच्या दुर्बिणी. तिन्हींतलं थोडंफार कळतं; पेनं तर शाळेपासून वापरतो, स्वतः उघडून साफही करतो. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये पाहिलं, तर पाठदुखीच्या व्यायामांपुढे ‘स्पर्धा : कमी’ आणि फाउंटन पेनपुढे ‘स्पर्धा : जास्त’ असं येतं. शिवाय पाठदुखीबद्दल शोधणारे लोक कितीतरी जास्त. मग पाठदुखीच घ्यावी ना?

उत्तर : नको. तिन्हींपैकी एकावर काट मारायची असेल तर ती पाठदुखीवरच मारा.

कीवर्ड प्लॅनर हे टूल गूगलनं जाहिरातदारांसाठी बनवलंय. त्यातला ‘स्पर्धा’ हा रकाना एवढंच सांगतो, की त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण टपले आहेत. पेन ही विकायची वस्तू, तेव्हा तिथं विक्रेत्यांची झुंबड असणारच. घरी जमिनीवर पडून करायच्या व्यायामावर जाहिरात कोण लावणार? म्हणून ‘कमी’. तुम्हाला ज्या निकालांमध्ये जागा हवी आहे, म्हणजे पैसे न देता लागणाऱ्या निकालांमध्ये, तिथली चुरस या रकान्यात मोजलेलीच नाही. दर आठवड्याला एक तरी पत्र या रकान्यावरून येतं, म्हणून जरा ठासून सांगतोय. शोधसंख्येचंही तसंच. ज्या खात्यावरून जाहिराती चालू नाहीत, त्याला प्लॅनर ‘100 ते 1 हजार’ असे ढोबळ पट्टे दाखवतो. एकाच पट्ट्यातल्या दोन शब्दांमध्ये दहापट अंतर असू शकतं.

आता टूल बंद करा आणि ब्राउझरची खासगी विंडो उघडून ‘पाठदुखीवर व्यायाम’ शोधा. वाचक ज्या भाषेतले आणि देशातले हवेत, तीच भाषा आणि तोच देश सेटिंगमध्ये ठेवा. नाहीतर भलत्याच निकालांचा अभ्यास होईल. पहिल्या पानावर मोठी रुग्णालयं, सरकारी आरोग्यसेवा आणि डॉक्टरांकडून लेख तपासून घेणारी आरोग्य-संकेतस्थळं दिसतील. हे नुसतं योगायोगानं झालेलं नाही. निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची एक जाहीर मार्गदर्शिका आहे. तीत आरोग्य, पैसा, सुरक्षितता असे विषय ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ या नावाखाली वेगळे काढलेत आणि त्यांच्यासाठी विश्वासार्हतेची पट्टी बरीच उंच ठेवली आहे. या माणसांनी दिलेल्या गुणांमुळे एखादं पान थेट वर-खाली होत नाही. पण गूगलला काय वर आणायचंय ते त्यातून स्वच्छ कळतं. तुमचं शिक्षण फिजिओथेरपीचं असतं, तर मी वेगळं बोललो असतो.

दुर्बिणींचं थोडक्यात. ‘नवशिक्यांसाठी दुर्बीण’ असं काही शोधलंत, तर विक्रेते आणि जुनी खगोलविषयक नियतकालिकं पुढे असतात. आतल्या प्रश्नांत मात्र जागा आहे. न्यूटोनियन दुर्बिणीतल्या आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन, कशी करायची हा त्यातलाच एक. अडचण अशी, की तिथं लिहायचं तर वेगवेगळ्या दुर्बिणी हाताळायला मिळायला हव्यात, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. गूगल ट्रेंड्समध्येही एकदा डोकावा. तिथला 100 हा आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातला सर्वांत वरचा बिंदू 100 धरून बाकीचं त्याच्या तुलनेत दाखवलेलं असतं. एखादं ग्रहण आलं की आकाशाशी संबंधित शोध उसळतात आणि ते सरलं की ओसरतात. अशा उसळीवर विषय ठरवू नका.

राहिली पेनं. नुसत्या ‘फाउंटन पेन’ या शब्दासाठी तुम्ही लढूच नका. तिथं दुकानं आणि विकिपीडिया. ‘सर्वोत्तम फाउंटन पेन’ तर त्याहून वाईट, कारण अशा याद्यांतून कमिशन मिळतं आणि म्हणून मोठमोठे प्रकाशक तिथं उतरलेले असतात. दोन पायऱ्या खाली या. पेन वापरणारा माणूस अडतो कुठे? शाई सुकून निब अडली, कन्व्हर्टर (पेनातली शाई ओढून घेणारी नळी) भरत नाही, झाकणातून गळतंय, ड्रॉइंगची इंडिया इंक या पेनात घातली तर चालेल का. असे तीस-चाळीस प्रश्न कागदावर उतरवा. टूल न उघडता, स्वतःच्या डोक्यातून. मग एकेक प्रश्न गूगलमध्ये टाकून निकालांतली पहिली दहा संकेतपानं खरोखर वाचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते कुणीच करत नाही, हाच तुमचा फायदा.

वाचायचं कसं, ते एका प्रश्नावर दाखवतो : ‘शाई सुकलेलं फाउंटन पेन साफ कसं करावं’. पहिल्यांदा बघा, पान या प्रश्नासाठीच लिहिलंय की ‘पेनची निगा’ या लांबलचक लेखात त्यावर दोन ओळी आहेत. दोन ओळीच असतील, तर तिथं दुसरं काही मिळालं नाही म्हणून गूगलनं ते पान पुढे केलेलं असण्याची शक्यता मोठी. एखाद्या फोरमवरची जुनी चर्चा पहिल्या पाचात असेल तर खूश व्हा; त्या प्रश्नावर नीट लेख नसल्याचं ते बऱ्याचदा लक्षण असतं. वरची सगळी जागा व्हिडिओंनी व्यापली असेल, तर लोकांना कृती डोळ्यांनी पाहायची आहे आणि नुसत्या मजकुरावर तुमचं भागणार नाही. फोटो स्वतः काढलेले आहेत की विकत घेतलेले, तेही तपासा.

त्यानंतरची तपासणी मी करू शकत नाही. ती तुम्हीच करू शकता. उत्तर बरोबर आहे का? कोमट पाण्यानं धुवा, हा सल्ला ठीक. पण साध्या रंगाची शाई, आयर्न गॉल शाई आणि शेलॅक (लाख) असलेली इंडिया इंक या तिन्हींना ते पान एकाच मापानं मोजतंय का? शेलॅकवाली शाई फीडमध्ये, म्हणजे निबला शाई पुरवणाऱ्या भागात, सुकली की नुसत्या पाण्याला दाद देत नाही. एबोनाइटच्या (कडक रबराच्या) फीडला कडकडीत पाणी लावलं तर ते विटतं. अल्कोहोलनं काही प्लास्टिकं खराब होतात. दहापैकी सात पानांनी यातलं काहीच सांगितलं नसेल, तर बॅकलिंकांचा, म्हणजे दुसऱ्या साइट्सनी त्या पानांना दिलेल्या लिंकांचा, आकडा काहीही असो, त्या प्रश्नावर तुम्हाला वाव आहे. गूगलच्या त्या मार्गदर्शिकेत डिसेंबर 2022 मध्ये ‘स्वतःचा अनुभव’ हा निकष मुद्दाम घातला गेला. पेन उघडून बसलेल्या माणसाजवळ तो आहे.

मोझ, अहरेफ्स यांसारख्या सर्चच्या अभ्यासाच्या टूलांमधला ‘डिफिकल्टी’चा, म्हणजे एखाद्या शब्दासाठी वर येणं किती अवघड याचा, आकडा टाकाऊ नाही, पण तो कशातून निघतो ते माहीत हवं. अहरेफ्सचा आकडा पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइट्सनी लिंक दिली आहे यावर बेतलेला आहे. पान चांगलं आहे की टुकार, हे त्याला कळत नाही. मोझची ‘डोमेन ऑथॉरिटी’ हा एखादी साइट निकालांत किती वर येऊ शकेल याचा मोझचा स्वतःचा अंदाज. गूगल ती वापरत नाही. चाळीस प्रश्नांतून आधी कुठले दहा वाचायचे हे ठरवायला हे आकडे वापरा.

आणखी एक चाळणी हल्ली लावावीच लागते. ज्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं, तो कितीही सोपा वाटला तरी सोडा. ‘कन्व्हर्टर म्हणजे काय’ याचं उत्तर गूगल निकालांच्या डोक्यावरच देतं. पूर्वी स्निपेटमधून, म्हणजे एखाद्या पानातून उचललेल्या उताऱ्यातून द्यायचं, मे 2024 मध्ये अमेरिकेपासून सुरुवात करून एआय ओव्हरव्ह्यूमधून, म्हणजे एआयनं लिहिलेल्या सारांशातून देऊ लागलं. तिथं तुम्ही पहिले आलात तरी वाचक तुमच्या पानापर्यंत पोचेलच असं नाही. दोन शायांची एकाच कागदावरची तुलना, निबच्या टोकाचे जवळून काढलेले फोटो, असं एका ओळीत न मावणारं काहीतरी पानावर हवं.

चाळीसपैकी बारा-पंधरा प्रश्नांवर तुमचं उत्तर सरस ठरेल असं वाटलं, तर विषय घ्या. चारच निघाले तर तो एका लेखाचा ऐवज आहे, वेबसाइटचा नव्हे. आणि घाई नको. अहरेफ्सनं 2017 मध्ये तपासलं तेव्हा नव्या पानांपैकी जेमतेम 5.7 टक्के पानं वर्षभरात कुठल्यातरी शब्दासाठी पहिल्या दहात आली होती.

प्रश्न : ‘ऑलइनटायटल’ लावून शोधल्यावर अगदी मोजके निकाल आले तर तो विषय मोकळा समजायचा, असं एका कोर्समध्ये शिकवलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धवट. ते शब्द शीर्षकात असलेली पानं किती, एवढंच त्यातून कळतं, आणि गूगल दाखवतं तो आकडाही अंदाजे असतो. गूगल अर्थ ओळखून निकाल लावतं; ‘निब अडली’ शोधणाऱ्याला ‘पेन लिहीत नाही’ या शीर्षकाचं उत्तम पान मिळू शकतं, आणि तुमच्या मोजणीत ते येतच नाही. शिवाय मोजके निकाल याचा अर्थ असाही निघतो, की तसं कुणी शोधतच नाही. शोधपेटीत प्रश्न अर्धा टाइप करा. गूगल तो स्वतःहून पूर्ण करत असेल, तर शोधणारे आहेत असं धरायला हरकत नाही.

प्रश्न : डोमेनच्या नावात कीवर्ड (लोक शोधतात तो शब्द) घातला तर स्पर्धेत पुढे जाता येईल का?

उत्तर : तो जमाना गेला. कीवर्ड जसाच्या तसा नावात असलेल्या निकृष्ट साइट्सना खाली ढकलणारा बदल गूगलनं सप्टेंबर 2012 मध्येच केला. नाव लक्षात राहील आणि टाइप करताना चुकणार नाही असं घ्या. फार अरुंदही नको. उद्या पेनांवरून कागदाकडे आणि वह्यांकडे वळलात, तर तेच नाव चाललं पाहिजे.