अमेरिकेहून पुण्यात येताय? आधी एवढंच करा

ताई, मुलांना घेऊन येताय याचा फार आनंद झाला. सगळं पहिल्याच महिन्यात मार्गी लावायला जाऊ नका.

सगळ्यात आधी कागद. तुमच्या मिस्टरांचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) ऑनलाइन नोंदणी करायची असते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं कार्ड) असेल तर ती लागत नाही. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा मागतात, म्हणून भाडेकरार रजिस्टर्डच करा. इथे तो बहुधा ११ महिन्यांचा असतो. घरमालक ‘नंतर बघू’ म्हणाले तरी थांबू नका. बँक, गॅस, सगळं त्या एका कागदावर अडतं.

नवीन कुटुंबं हमखास करतात त्या चुका:

- तिकडचा मिक्सर, हेअर ड्रायर आणणं. तिथे १२० व्होल्ट, इथे २३०. नुसता प्लग बदलून भागत नाही, यंत्र जळतं. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर बहुतेक दोन्हीकडे चालतात.
- घर आधी, शाळा नंतर ठरवणं. उलट करा. शाळेच्या बसमध्ये रोज दोन तास गेले की मुलं कोमेजतात.
- पावसाळ्यात फक्त रात्री मच्छरदाणी लावणं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, शाळेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

कामाला येणाऱ्या मावशींशी पगार, सुट्ट्या, दिवाळीचा बोनस पहिल्याच दिवशी मोकळेपणानं बोला.

अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल, तर अमेरिकेचं टॅक्स रिटर्न इथे राहूनही साधारणपणे भरावं लागतं. त्याचे बारकावे घर लागल्यावर बघू. मुलं केवढी आहेत ते कळवा, शाळांबद्दल नीट सांगते.