सोन्याची जुनी नाणी घेताना

आपण शिवकालीन होनापासून संग्रहाची सुरुवात करण्याचा विचार करीत आहात, तो तूर्त बाजूला ठेवावा. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ असून नकली होनांचा सुळसुळाट आहे; जुन्या बाजारात कोणी ‘वाड्यात सापडलेला’ होन दाखवला, तर हसून पुढे जावे.

त्यापेक्षा सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचे नाणे घ्यावे. त्याचे वजन ७.९८ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर आणि सोने २२ कॅरेटचे असल्याने, लक्ष्मी रोडवरील कोणत्याही सराफाच्या काट्यावर प्राथमिक पडताळणी होते. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या सॉव्हरिनवर, मागील बाजूच्या घोडेस्वाराच्या चित्रात, घोड्याच्या पायांखालील जमिनीवर इंग्रजी ‘आय’ (I) हे बारीक अक्षर असते. ते भिंगातून स्वतः पाहावे.

माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेले नाणे, कडी काढून घासले तरी, काठावर खूण दाखवतेच, आणि मग त्याला सोन्याच्या भावापलीकडे फारसे कोणी देत नाही. नाणे चकचकीत करण्याचा मोह तर मुळीच नको.

पावती जपून ठेवावी, कारण शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.