दीर म्हणजे 'दुसरा वर'?

एका वाचकाचा प्रश्न असा: "प्रवचनात ऐकलं की दीर हा शब्द 'द्वितीय वर' यावरून आला. नवरा गेला की दीर हाच दुसरा नवरा, अशी पूर्वी रीतच होती म्हणे. हे खरं का?"

प्रवचनकारांनी हे पदरचं सांगितलेलं नाही. वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात चक्क वाक्य आहे, 'देवरः कस्मात्? द्वितीयो वर उच्यते', म्हणजे देवर का? तर त्याला दुसरा वर म्हणतात. ते मागाहून कुणीतरी घुसडलं असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. यास्काचं असो वा दुसऱ्या कुणाचं, व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही.

मूळ शब्द 'देवर' नव्हे, 'देवृ'. पितृ, मातृ, स्वसृ यांच्या पंगतीतला, ऋकारान्त. लग्नात नवरीला आशीर्वाद देताना म्हणतात ती ऋग्वेदातली ऋचा आठवा: सासऱ्यावर, सासूवर, नणंदेवर राज्य कर, आणि शेवटी 'सम्राज्ञी अधि देवृषु', दिरांवरही. शब्दात 'वर' असता तर 'देवृषु' हे रूप झालंच नसतं. शिवाय या शब्दाची भावंडं दूरदूर पसरलेली आहेत. ग्रीकमध्ये 'दाएर' (इलियडमध्ये हेलन हेक्टरला याच नात्याने हाक मारते), लिथुआनियनमध्ये 'दिएव्हेरिस', लॅटिनमध्ये 'लेव्हिर'. सगळीकडे अर्थ एकच, नवऱ्याचा भाऊ. प्राकृतात मधला 'व' गळून 'दिअर' झाला आणि मराठीत त्याचा दीर. आपल्या नणंद आणि जाऊसुद्धा याच घरच्या: ननान्दृ आणि यातृ.

गंमत म्हणजे रोमन लोकांनीही अगदी हाच घोळ घातला. 'लेव्हिर'च्या शेवटी त्यांना 'विर' ऐकू आला, म्हणजे पुरुष किंवा नवरा, आणि नोनिउस नावाच्या कोशकाराने फोड करून टाकली: 'डावा नवरा'. हजारो मैलांवरच्या दोन पंडितांना एकाच नात्याच्या नावात नवराच ऐकू यावा! खोट्या व्युत्पत्त्या मला म्हणूनच आवडतात. शब्दाबद्दल त्या काही सांगत नाहीत, पण सांगणाऱ्याच्या मनात काय घोळत होतं ते हमखास सांगून जातात.

आणि घोळत होतं ते निराधार नव्हतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात घोषा या ऋषिकेच्या नावावरचं सूक्त आहे. त्यात ती अश्विनांना विचारते, रात्री कुठे होतात, 'विधवेव देवरम्', विधवा दिराला शय्येकडे ओढते तसं तुम्हाला कोण ओढतंय? देवांच्या स्तुतीत ही उपमा कसलाही संकोच न करता येते. गौतम धर्मसूत्र सांगतं की नवरा नसलेल्या आणि अपत्य हवं असलेल्या स्त्रीने ते दिरापासून मिळवावं. यालाच नियोग म्हणत.

पण नियोग म्हणजे दुसरं लग्न नव्हे. प्रवचनात नेमकी इथे गल्लत झाली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अटी वाचा. वडीलधाऱ्यांची आज्ञा हवी, वेळ रात्रीची, पुरुषाने अंगाला तूप चोपडलेलं, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि मुलगा एकच. काम झालं की दोघांनी एकमेकांशी गुरू आणि सून यांच्यासारखं वागायचं. होणारा मुलगाही दिराचा नाही, मेलेल्या भावाचा 'क्षेत्रज', म्हणजे त्याच्या बायकोला दुसऱ्याकडून झालेला, पण त्याचाच मानलेला. तूप आणि मौन कशासाठी? त्या रात्रीतून सुख वजा करण्यासाठी, असं मला वाटतं. चार श्लोक पुढे गेलं की तोच मनू नियोगाला 'पशुधर्म' म्हणतो आणि त्याचं खापर वेन राजाच्या माथ्यावर फोडतो. पुढे कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात करू नये अशा गोष्टींच्या यादीत, 'देवराच्च सुतोत्पत्तिम्' (दिरापासून मुलगा होणं) आलं आणि शास्त्राने दार लावून घेतलं.

अशी ओढाताण फक्त आपल्याकडेच नव्हती. यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात निपुत्रिक मेलेल्या भावाच्या बायकोशी लग्न करणं हे दिराचं कर्तव्य आहे, आणि नकार देणाऱ्याच्या पायातली वहाण काढून त्याच्या तोंडावर थुंकायला सांगितलंय. तर त्यातल्याच 'लेवीय' या पुस्तकात भावाची बायको वर्ज्य. त्यांच्याकडे मात्र ते रीतसर लग्न होतं. प्रवचनातला 'दुसरा नवरा' शोभतो तो तिथे.

आता एक बारकावा मराठीपुरता. हिंदीत देवर फक्त धाकटा, थोरला तो जेठ. आपल्याकडे मात्र थोरला दीर आणि धाकटा दीर, दोघेही दीरच. महाभारतात सत्यवती अंबिकेला सांगते, 'कौसल्ये देवरस्तेऽस्ति', तुझा दीर आज रात्री येईल. येतो तो व्यास, विचित्रवीर्याचा थोरला सावत्र भाऊ. म्हणजे शब्दाचा तो जुना ऐसपैस अर्थ मराठीने राखला. हाक मारताना मात्र आपण 'भावोजी' म्हणतो आणि नात्यात भाऊ आणून बसवतो.

हे कुंपण अलीकडचं नाही. सातवाहनांच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत हा 'दिअर' भेटतो. एका गाथेत दिराच्या मनात भलतंच, नवरा तापट. सांगितलं तर घर फुटेल, म्हणून सून कुणालाच काही सांगत नाही, नुसती वाळत जाते. नियोगाच्या चर्चेत ही बाई कुठेच नसते. दुसऱ्या गाथेतली वहिनी अधिक हुशार. दिराचं मन शुद्ध नाही हे तिने ओळखलंय. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ती दिवसभर त्याला घराच्या भिंतीवरची चित्रं समजावून सांगत बसते: रामाच्या मागोमाग निघालेल्या लक्ष्मणाची.