१८६ जणांनी वाचलं, मोटार बंदच

"व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप सोडवत नाहीत, वाचून संपत नाहीत. डोकं भणभणतं. काय करू?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारी कधी शिक्षिका असते, कधी बचत गटाची अध्यक्ष, कधी आंब्याचा बागायतदार. उत्तरादाखल एक अनुभव सांगते. ज्यांचा आहे त्यांनी लिहायला हरकत घेतली नाही. ओळख पटेल असे तपशील मात्र बदललेत.

अण्णा दापोली तालुक्यातले. पन्नाशीला टेकलेले, घरची हापूसची कलमं, शिवाय वाडीच्या ग्रामीण मंडळाचे सेक्रेटरी. जानेवारीत बायको त्यांना चिपळूणला माझ्याकडे जवळजवळ ओढतच घेऊन आली. "हे रात्री दोनला उठतात आणि तो मेला फोन घेऊन पडवीत बसतात," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणतात, काही नाही, बघतोय." अण्णा गप्प. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला होता. वहिनींचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात तो चार वेळा थरथरला, आणि चारही वेळा अण्णांचा अंगठा जागच्या जागी हलला.

एकूण ग्रुप ४३. वाडीचा, मुंबई मंडळाचा, दोघांचा मिळून एक, देवळाच्या जीर्णोद्धाराचा, शिमग्यातल्या खेळ्यांचा, भावकीचा, दहावीच्या बॅचचा, आणि नुसत्या आंब्याचे सात.

कोकणात वाढलेल्याला मुंबई मंडळ काय चीज आहे ते सांगायला नको. पूर्वी चाकरमान्यांची, म्हणजे मुंबईत पोटापाण्याला गेलेल्या गावकऱ्यांची, मीटिंग तिथे कुणाच्या तरी खोलीवर व्हायची, ठराव पत्राने गावी यायचा आणि गाव त्यावर गणपतीत नाहीतर शिमग्यात तोंड उघडायचं. भांडणं तेव्हाही कडाक्याची होत. पण दोन पत्रांच्या मध्ये पंधरा दिवस जायचे, तेवढ्यात राग निवायचा. आता सभामंडपाच्या फरशीवर रात्री साडेअकराला परळहून मत येतं, बाराला नालासोपाऱ्याहून त्याला विरोध होतो आणि गावातला सेक्रेटरी उशीवर कूस बदलत दोघांना काय उत्तर द्यावं ते जुळवतो. फोनला नुसती नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. त्याच ग्रुपवर वर्गणीच्या हिशोबाचा फोटो सगळ्यांना दिसतो, आणि ज्या सुना-लेकींना सहाणेवरच्या, म्हणजे पालखी बसते त्या जागेवरच्या, बैठकीत कधी कुणी विचारलं नाही, त्या आता फरशीच्या दरावर बोलतात. हे मला मोलाचं वाटतं.

पहिल्या भेटीत मी काहीच बंद करायला सांगितलं नाही. म्हटलं, एक दिवस फक्त मोजा. किती मेसेज आले, आणि त्यातल्या कितींमुळे तुम्हाला प्रत्यक्ष उठून काही करावं लागलं.

पुढच्या खेपेला अण्णा पेट्यांच्या हिशोबाची वही घेऊन आले. लाल रेघेच्या डावीकडे ६१२. उजवीकडे ४. चारही कामं नावानिशी लिहिलेली: रोजंदारीच्या गड्याचे पैसे, पुतणीच्या दाखल्याचा फोटो, फवारणीच्या पंपाचा वॉशर, देवळाच्या विजेचं बिल.

"आणि बाकीचे ६०८?"

"वाचले," अण्णा म्हणाले. ओशाळून नव्हे हं, काम केल्याच्या थाटात.

इथे मला गाठ सापडली. अण्णांना वाचणं हेच सेक्रेटरीचं काम वाटत होतं. माहिती उदंड झाली की लक्ष दरिद्री होतं, असं अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. खर्च होतं ते वाचणाऱ्याचं लक्ष, आणि ते कलमांना, पोरांना, बायकोला कमी पडतं.

मग त्यांनी मोटारीची गोष्ट काढली. गेल्या मे महिन्यात वाडीच्या विहिरीवरची मोटार जळली. अण्णांनी लगेच ग्रुपवर टाकलं: "मोटार बंद आहे, कोणीतरी वायरमनला कळवा." १८६ जणांनी वाचलं. ३१ जणांनी अंगठा दाखवला, सात जणांनी हात जोडले, मुंबईहून एकाने "लवकर बघा" असं लिहिलं. वायरमनला फोन एकानेही केला नाही, अण्णांनीसुद्धा! ऐन मेच्या उन्हात बायकांनी दोन दिवस डोक्यावरून पाणी आणलं. "माणसं अशी कशी हो?" अण्णांनी विचारलं. ती सल त्यांना तेव्हापासून टोचत होती.

माणसं वाईट नाहीत, हे मला त्यांना पटवायचं होतं. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं इंटरकॉमवरून बोलत होती आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज आला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला धावले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. तिथे चौघे होते, अण्णांच्या ग्रुपवर १८५. "कोणीतरी" या शब्दाला आडनाव नसतं, त्यामुळे त्याला कुणी ओ देत नाही.

आंब्याच्या सात ग्रुपांचं दुखणं वेगळं. एकावर यायचं, तुडतुडे दिसले, आजच फवारा. दुसऱ्यावर, मोहोर फुललेला असताना फवारू नका, परागीकरण करणारे किडे मरतात. अण्णांनी एकाचं ऐकून फवारलं आणि दुसऱ्याचं वाचून रात्रभर हळहळले. मी विचारलं, ग्रुप नव्हते तेव्हा कसं ठरवायचात? ते खुर्चीत पुढे सरकले. टेबलावरचा माझा कोरा कागद उचलून डाव्या तळहातावर धरला आणि उजव्या हाताने हवेतला मोहोर त्यावर हलकेच झटकून दाखवला. "असं. फुलकिडे किती पडतात ते बघायचं, मग ठरवायचं. चार-पाच झाडं, चारी अंगांनी." महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा लागला होता. यंदा किती वेळा झटकलंत, म्हणून विचारलं. एकदाही नाही.

तरी रात्री दोनला उठण्याचा उलगडा होत नव्हता. तो तिसऱ्या भेटीत झाला, आणि तोही वहिनींकडून. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दापोली-मंडणगडकडे त्याने काय केलं ते तिकडच्यांना विचारा. माड, पोफळी, कलमं आडवी, घरांवरचे पत्रे उडालेले. वीज गेली, रेंज गेली. थोरला मुलगा मुंबईत. सहा दिवस त्याला आई-बाप जिवंत आहेत की नाहीत ते कळलं नाही, आणि यांना त्याची खबर नाही. अण्णा एकदा डोंगरावर चढून फोन उंच धरून उभे राहिले होते. "तेव्हापासून फोन गप्प बसला की ह्यांच्या पोटात गोळा येतो," वहिनी म्हणाल्या.

अशा माणसाला "ग्रुप सोडा" सांगणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. त्यातून गावात ग्रुप सोडणं म्हणजे आपणच आपल्याला वाळीत टाकणं. मी फक्त विचारलं, आजवर खरी वाईट बातमी तुम्हाला कशी कळली? त्यांनी बोटांवर मोजलं. वडील, मेहुणा, शेजारचा अपघात. सगळ्या वेळी फोनची घंटा वाजली होती, मेसेज नव्हता. तेव्हा ठरलं: रात्री घंटा चालू, ४३ ग्रुपांचे आवाज बंद, फोन उशाला नाही, ओटीवरच्या फळीवर. पहिले चार दिवस त्यांनी उठून फळीपर्यंत फेऱ्या मारल्या, ते मी धरूनच चालले होते. झोप महिनाभरात बसली नसती तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणार होते. तशी वेळ आली नाही.

मंडळाचं काम निम्मंच जमलं. सूचनांचा एक ग्रुप झाला, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितो; त्यावर मुंबईकरांपैकी काही "आमचा आवाज दाबला" म्हणून रुसले आणि त्यांनी त्यात आणखी एका ग्रुपची भर घातली. मोटारीपाशी मात्र आता खडूने दोन नावं आणि दोन नंबर लिहिलेत. मार्चमध्ये ती परत बंद पडली, संध्याकाळपर्यंत चालू झाली. ग्रुपवर टाकायचं कुणाला सुचलंच नाही.

शिमगा आटोपून दोघं शेवटचे आले तेव्हा अण्णांचा चेहरा उतरलेला नव्हता. पालखी नाचवून खांदा तेवढा सुजला होता. ग्रुपचं कसं चाललंय, मी विचारलं.

"आता त्रास नाही. ही वाचते आणि कामाचं असेल तेवढं मला सांगते."

वहिनी हसल्या. फोन त्यांच्या मांडीवर होता, पालथा. निघताना अण्णा चपला घालायला बाहेर गेले, तशा त्या दारातून मागे वळल्या आणि पुढच्या आठवड्यातली वेळ मागितली, एकटीसाठी.