ट्यूलिपचे कंद खारी उकरून नेतात. लाल तिखट किंवा दुसऱ्या घरगुती उपायांनी त्या लांब राहतील का?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत नवीन घर घेतलं, ऑक्टोबरच्या मध्याला हौसेने पन्नास ट्यूलिप आणि तीस क्रोकस लावले, आणि चार दिवसांत निम्मे कंद खारींनी वर काढले. विष नको, पिंजरा नको, घरात चार वर्षांची मुलगी आहे, पक्षी येतात त्यांनाही त्रास नको. मी याच राज्यात गेली बावीस वर्षं कंद लावतेय आणि पहिल्या वर्षी माझे चाळीसपैकी सहा उगवले होते, त्यामुळे सकाळी दार उघडल्यावर ते खड्डे बघून काय वाटतं ते मला माहीत आहे.

तिखट चालतं. पण ते कंदांची राखण वर्षभर करणार नाही, फक्त तीन-चार आठवडे करेल, आणि खरं तर तेवढेच दिवस राखण लागते.

इथली करडी खार शरद ऋतूत ओकची फळं एकेक करून शेकडो ठिकाणी पुरत असते. पुरलेलं परत शोधताना ती आठवणीवर चालते आणि नाकावरही. नुकतीच उकरलेली, भुसभुशीत माती दिसली की तिच्या लेखी तिथे कोणीतरी काहीतरी पुरलंय. म्हणजे आपण कंद लावून माती सारखी करतो तेव्हा आपणच तिला जागा दाखवतो. आणि ट्यूलिपचा कंद म्हणजे पिठूळ, गोडसर खाणं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली तेव्हा माणसांनीसुद्धा हे कंद शिजवून पोट भरलं होतं, मग खारीने का सोडावेत? पण माती एकदा बसली, दोन-तीन पाऊस झाले, वर पानांचा थर आला, की तिचं लक्ष उडतं. पुढे जमीन गोठते. मधल्या दिवसांत त्या जागेचा वास बिघडवून ठेवायचा, एवढंच आपलं काम.

माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा खिडकीतून बघून म्हणाली होती, "अगं, ही केवढी! आणि हिच्या पाठीवर रामाची बोटं नाहीत." खरंच, ही आपल्या आंब्यावरची तीन पट्ट्यांची खार नाही. आकाराने दुप्पट-तिप्पट आणि उकरण्यात पटाईत. साताऱ्याला आमच्या अंगणात खारी होत्या, निशिगंधाचे कंदही होते, पण कंद उकरलेले मी कधी पाहिले नाहीत. त्यामुळे घरच्या लोकांचे सल्ले इथे फारसे लागू पडत नाहीत.

आता मिरची. मिरचीचा झोंबणारा भाग म्हणजे कॅप्सेसिन. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा एक ग्राही (रिसेप्टर) असतो, कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जागं करतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. हा ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते. पक्ष्यांमधला हाच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट मिरच्या मजेत खातो तो त्यामुळेच. तेव्हा पक्ष्यांची काळजी सोडा, त्यांना काही होणार नाही.

मी पहिल्या वर्षी डब्यातलं रोजचं तिखट टाकलं होतं. ते ब्याडगीचं. ब्याडगी रंगाला असते, तिखटपणा तिच्यात बेताचाच. खारींनी त्या तिखटाची पर्वाच केली नाही, कंद उकरतच राहिल्या. दुसऱ्या वर्षी लवंगीची पूड आणली आणि वाऱ्याच्या दिवशी कोरडीच भुरभुरली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, मागे उभा होता. पूड त्याच्या डोळ्यांत गेली. अर्धा तास नळाखाली डोळे धूत बसलो, तो रडायचा थांबेना. त्या दिवसापासून कोरडी पूड बागेत टाकायची नाही असं मी ठरवलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. घरात लहान मूल आहे म्हणून तर नक्कीच. शिवाय कोरडी पूड खारीच्या पंजांना लागते, त्याच पंजांनी ती तोंड पुसते आणि डोळे चोळते. तिला पळवायचंय, छळायचं नाही.

त्याऐवजी काढा करा. मूठभर सुक्या लवंगी मिरच्या आणि ठेचलेल्या लसणाचा एक गड्डा दीड लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचा. घरात उकळू नका, असा ठसका लागतो की सगळं घर खोकत बसतं. मी बाहेरच्या शेगडीवर करते. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून त्यात चमचाभर तेल आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब घालायचे. गार झालं की जुन्या सुती फडक्यातून गाळायचं, नाहीतर फवारणीच्या बाटलीचं तोंड तुंबतं. हातमोजे घाला. हाताला लागलंच तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने आग जात नाही. डोळ्यात गेलं तर मात्र तेल नाही, फक्त भरपूर पाणी.

फवारणी संध्याकाळी करायची. खारी दिवसा हिंडतात, सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर जास्त, तेव्हा उजाडेपर्यंत माती सुकलेली असते. मुलगीही तोवर आत आलेली असते, तरी पुढचे काही दिवस त्या वाफ्यात तिला खेळू देऊ नका. पाऊस पडला की सगळं धुऊन जातं, परत फवारायचं. कोरडे दिवस असले तरी आठवड्यातून एकदा. हे कंटाळवाणं आहे, आणि मिरचीने काही होत नाही असं सांगणारे बरेच जण पहिल्या पावसानंतर थांबलेले असतात. (रात्रीत खड्डे पडत असतील तर तो उद्योग बहुधा खारीचा नसून स्कंक किंवा रकून या इथल्या निशाचर प्राण्यांचा आहे. ते बहुधा मातीतल्या अळ्या शोधत असतात.)

बाकीच्या वासांबद्दल थोडक्यात. अंड्याच्या वासाची जी तयार फवारणी हरणांसाठी मिळते तिचा मला थोडा उपयोग झाला, पण बसायच्या ओट्याजवळ तो वास सहन होत नाही. कॉफीचा चोथा मी दोन वर्षं टाकला, फरक दिसला नाही. वाळवलेल्या रक्ताची पूड लोक सांगतात. आमच्या शाकाहारी घरात ती आणायची मनाची तयारी झाली नाही, आणि तिच्या वासाने कुत्री येतात असं शेजाऱ्यांकडे पाहिलं. हाडांचं खत मात्र कंदांखाली मुळीच घालू नका, दुकानदार देत असला तरी. त्याचा वास खारींना आणि कुत्र्यांना बोलावतो.

डांबराच्या गोळ्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडची माणसं हा सल्ला हमखास देतात. कपाटात घालतो तशा बागेत पुरून ठेवा म्हणतात. कृपा करून नको. त्या गोळ्यांत नॅप्थलीन किंवा त्याच्यासारखं दुसरं रसायन असतं, ते विषारी असतं, मातीत आणि हवेत पसरतं. पांढरी गोळी मुलांना पेपरमिंटसारखी दिसते. पोटात गेली तर लाल रक्तपेशी फुटू शकतात, आणि जी-सिक्स-पी-डी हे लाल पेशींना जपणारं विकर (एन्झाइम) ज्यांच्यात कमी असतं अशा मुलांना धोका फार मोठा. अमेरिकेत वेष्टनावर लिहिल्यापेक्षा वेगळ्या कामासाठी त्या वापरणं बेकायदाही आहे.

वासावर सगळा भार टाकू नका. मला सर्वात मोठा फरक लावायच्या पद्धतीत दिसला. ट्यूलिप आठ इंच खोल लावा, पिशवीवर सहा लिहिलं असलं तरी. कंदांची ती कागदासारखी तपकिरी सालं वाफ्यात पडतात ना, ती एकूण एक वेचून घरात कचऱ्यात टाका, कारण वास त्यांचाच आधी लागतो. माती पायाने दाबा, भरपूर पाणी घालून बसवा, वर झाडावरून पडलेली पानं अशी पसरा की तिथे काही झालंय हे तुम्हालाच ओळखू येऊ नये. आणि घाई करू नका. मध्य ऑक्टोबर हा खारींच्या धावपळीचा काळ. ट्यूलिप नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, जमीन गोठण्याआधी कधीही लावले तरी वसंतात फुलतात. मी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाच्या, आधीच्या शनिवारी लावते. तेव्हा कंद स्वस्तही होतात. तोवर ते फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंदांपासून लांब ठेवा, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते.

क्रोकससाठी माझं मत वेगळं आहे. तो केशराचा भाऊबंद, तीन-चार इंचांवरच लावावा लागतो, त्यामुळे खारीला तो पहिल्या उकरण्यातच मिळतो. तिथे मिरची पुरत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती एक इंच भोकांची तारेची जाळी वाफ्यावर सपाट अंथरा, कडा मातीत दाबा, वर पानं टाका. अंकुर भोकांतून वर येतात. ट्यूलिपवर अंथरली असेल तर मार्चमध्ये कोंब इंचभर झाले की काढून घ्या, नाहीतर रुंद पानं अडकतात. क्रोकसवर राहिली तरी चालते. यात कोणालाच इजा नाही, आणि पावसात परत काही करावं लागत नाही.

आणि पुढच्या वर्षी वाफ्यात डॅफोडिल घ्या. त्यात लायकोरीन नावाचं विषारी अल्कलॉइड असतं, खार त्याला तोंड लावत नाही, हरीणही नाही. मी ट्यूलिपच्या भोवती डॅफोडिलचं कडं करते. खार कधी कधी त्यातूनही आत शिरते, पण डॅफोडिल स्वतः दरवर्षी उगवतात, एकाचे चार होतात, आणि ट्यूलिप गेले तरी वाफा ओकाबोका दिसत नाही. फक्त एक जपा. डॅफोडिलचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, म्हणून तो स्वयंपाकघरात किंवा ओट्यावर चुकूनही ठेवू नका, आणि मुलीच्या हाती देऊ नका.

आता या वर्षीचं. उकरलेल्या खड्ड्यांच्या आसपास दोन-तीन फुटांवर नीट शोधा. खार बरेच कंद थोडे कुरतडून टाकून देते. कंदाच्या तळाची चकती, जिथून मुळं फुटतात ती, शाबूत असेल आणि कंद दाबल्यावर मऊ लागत नसेल तर तो परत लावा, या वेळी आठ इंचांवर. काही उगवतील. आणि ज्या खड्ड्यांत कंद अजून आत आहे ते आज संध्याकाळीच भरून माती दाबून घ्या, कारण एकदा मिळालेल्या जागी ती उद्या सकाळी परत येणार आहे.