लिंबूटिंबू

"मॅडम, मुलगी सातवीत आहे. शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये निवड झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आता तीन महिने झाले, शनिवारी सरावाहून आली की दार लावून बसते. मुलं तिला कशाला हात लावू देत नाहीत. टीममधून काढून घेऊ का?"

व्हॉट्सॲपवर आलेला हा मजकूर. 'रोबोटिक्स'च्या जागी नाटक, कबड्डी, ढोलपथक काहीही घाला, दिवाळीच्या आगेमागे असा एक तरी निरोप समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतोच. रोबोटिक्सचे अलीकडे वाढलेत. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांमधून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या, खासगी क्लास गल्लोगल्ली निघाले, आणि जी भांडणं पूर्वी मैदानावर व्हायची ती आता लॅपटॉपभोवती होतात.

माय-लेकींच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला इथे उर्वी म्हणते. हे नाव तिनेच तिच्या नायिकेला दिलं होतं. ती कोणती नायिका, ते पुढे येईलच.

पहिल्या भेटीत वीस मिनिटं आईच बोलल्या. अभ्यास मागे पडतोय, शनिवारची सकाळ जाते, रिक्षाचे पैसे, गणितात कमी पडलेले चार गुण. उर्वी शेजारी बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. ताकाला येऊन भांडं लपवणं पालकांना चांगलं जमतं, म्हणून मी ऐकत राहिले. भांडं दिसलं ते निघताना, चपला घालता घालता. "मी डिप्लोमा केलाय हो, इलेक्ट्रॉनिक्सचा. प्रॅक्टिकलला चार जणांचा ग्रुप. सोल्डरिंग मुलं करायची आणि चौघांची जर्नल मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं ना."

म्हणजे लेकीच्या दुःखात आईचं पंचवीस वर्षांपूर्वीचं दुःखही मिसळलेलं होतं. याने लेकीचं दुःख खोटं ठरत नाही. पण काढून घेण्याची घाई कुणाला झाली आहे, हे मला कळलं.

पुढच्या वेळी उर्वी एकटी आत आली. मी विचारलं, "टीममध्ये तुझं काम काय?"

"मी लिंबूटिंबू."

बारा वर्षांच्या मुलीने इतकं नेमकं निदान केल्यावर माझ्या पदव्यांचं काय करायचं? लिंबूटिंबूला खेळात घेतात, पळू देतात, पण तो कधी आऊट होत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. उर्वीकडे प्रकल्पाचा चार्ट होता. अक्षर आणि चित्रं चांगली, म्हणून.

इथे मी चूक केली. स्पर्धेची माहिती मी आधी वाचून ठेवली होती. त्यांची स्पर्धा फर्स्ट लेगो लीग (लेगो म्हणजे एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे), १९९८ पासून चालणारी. आपल्याकडे नऊ ते सोळा वयाची मुलं त्यात भाग घेतात. टेबलावरचा रोबोचा खेळ, रोबोची रचना, एखाद्या खऱ्या प्रश्नावरचा नवकल्पना प्रकल्प आणि टीम एकमेकांशी कशी वागते, या चारही गोष्टींना सारखं वजन. मी हुशारीने हे सगळं तिला ऐकवलं आणि म्हटलं, "म्हणजे बघ, चार्टचं कामही तितकंच महत्त्वाचं आहे."

तिने झाकण लावलं. "मग कॅप्टनला द्या ना चार्ट."

यावर मला उत्तर नव्हतं, आणि मी ते दिलंही नाही. सगळी कामं सारखीच मोलाची, हे वाक्य नेहमी कमी मोलाचं काम वाट्याला आलेल्यालाच ऐकवलं जातं. ज्याच्या हातात लॅपटॉप आहे त्याला ते कुणी ऐकवत नाही. तेव्हापासून मीही ते वापरणं सोडलं आहे.

तिसऱ्या भेटीत तिने दप्तरातून दोनशेपानी वही काढली. सरावात हाताला काम नाही, म्हणून ती कोपऱ्यात बसून कादंबरी लिहीत होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण कादंबरी मराठीत, कारण वाचक एकच, घरी असलेली आजी. सुरुवात अशी: "एका शाळेत एक रोबो होता. त्याला सहा मालक होते, पण तो एकाचंच ऐकायचा. कारण बाकीच्या पाच जणांशी त्याची कुणी ओळखच करून दिली नव्हती."

प्रकरणं टीममधल्या वेगवेगळ्या मुलांच्या तोंडून. एक प्रकरण लॅपटॉपच्या चार्जरचं, दोन खुद्द रोबोची. समासात आजीने पेन्सिलीने 'ऱ्हस्व-दीर्घ बघ' असं जागोजागी लिहिलेलं. दहा प्रकरणं झाली होती आणि कॅप्टनचं एकही नव्हतं.

"त्याचं कुठाय?"

"त्याला नाही देणार. तो सगळीकडे असतोच की."

शाळेच्या परवानगीने मी एक सराव बघून आले. संगणकाची रिकामी खोली, साधारण आठ फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर छापील चटई आणि लेगोची मॉडेलं. रोबोला रिमोट नसतो. आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर तो आपला आपण जातो, आणि अडीच मिनिटांत जमतील तेवढी मिशन्स, म्हणजे नेमून दिलेली कामं, उरकायची. सहा मुलं, लेगोचाच एक जुना ईव्ही-थ्री रोबो, एक लॅपटॉप. मी घड्याळ लावून बसले. पंचेचाळीस मिनिटांपैकी अडतीस मिनिटं लॅपटॉप कॅप्टनच्या मांडीवर होता. आठवीतला, उंच, सतत घाईत. तो उर्वीला काही वाईट बोलला नाही. बोललाच नाही. उरलेल्या चौघांमधली दोघं लेगोचे तुकडे रंगांप्रमाणे लावत होती, हे काम त्या दिवशी तिसऱ्यांदा होत असावं.

आईंना वाटत होतं तशी ही छळाची गोष्ट नव्हती, आणि मुलगी म्हणून डावलल्याची सरळ गोष्टही नव्हती. चार्ट मुलीकडेच का गेला, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो मी रोबोटिक्सच्या सरांना विचारला. ते म्हणाले, "तिचं अक्षर चांगलं आहे." मी आईंकडे बघितलं नाही, कारण त्या तिथे नव्हत्या. असत्या तर बघवलं नसतं.

सरांना दोष देणं सोपं आहे. आठ तुकड्यांचे तास घेऊन शनिवारी हे वरचं काम. मी त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, दहा-दहा मिनिटांची घंटा. एक जण टाइप करणार, शेजारचा काय टाइप करायचं ते सांगणार, घंटा झाली की जागा बदलायच्या. सॉफ्टवेअर कंपन्यांमधूनही अशी जोडीने कामं करतात, त्यामुळे मुलांना ते बालिश वाटत नाही. दुसरी, एक मिशन पूर्ण उर्वीचं. प्रोग्रॅम तिचा, रोबोला लावायचा हात तिने जोडायचा, आणि स्पर्धेत रोबो टेबलावर तिनेच ठेवायचा.

"मॅडम, चुकलं तर गुण जातील."

"जातील," मी म्हटलं.

आईंना मी काय सांगितलं, ते जरा सविस्तर लिहिते, कारण असा निरोप पाठवणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असतं. संध्याकाळी 'आज कोण काय बोललं?' हे विचारणं थांबवा. त्या प्रश्नाला मूल रोज एक तक्रार शोधून आणतं, तुमची भूक भागवायला. त्याऐवजी विचारा, 'आज तुझ्याकडून काय बिघडलं?' सुरुवातीला उत्तर येईल, काहीच नाही. चार-सहा आठवड्यांनीही उत्तर 'काहीच नाही' असंच असेल, तर तिच्यावर अजून राज्य आलेलं नाही. मग खुशाल काढून घ्या, मी शाळेला तसं पत्र देईन. शनिवारची सकाळ इतकी स्वस्त नाही. पण एखाद्या दिवशी ती फणफणत येऊन म्हणाली की माझ्यामुळे हात तुटला आणि सगळे माझ्यावर चिडले, तर त्या दिवशी शाळेत फोन करू नका.

आईंना हे पटलं नाही. "रडत आली तरी गप्प बसू?" त्यांनी विचारलं. "गप्प नको, जेवायला वाढा," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

उर्वीबरोबर मात्र वहीवरच काम चाललं होतं. कॅप्टनचं प्रकरण लिही, असं मी तिला म्हटलं नाही. फक्त विचारलं, रोबो चुकला की त्याचे हात काय करतात? तिला माहीत नव्हतं. तीन महिने ती त्याच्यावर चिडत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. पुढच्या शनिवारी तिने बघितलं. तो अंगठ्याचं नख खातो, आणि रोबोकडे न बघता आधी दाराकडे बघतो. दारात त्याचे बाबा उभे असतात.

इथे एक सांगायला हवं. समजून घेणं म्हणजे सोसून घेणं नाही, आणि मुलींना या दोहोंची गल्लत फार लवकर शिकवली जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा होता: आधी घंटा, आधी स्वतःचं मिशन, मग दुसऱ्याच्या नखांकडे लक्ष. उलट केलं असतं, तर मी तिला आणखी एक चार्टच दिला असता.

बघायची सवय लागल्यावर वही बदलली. गोष्टीच्या मागच्या पानांवर ती प्रत्येक फेरीची नोंद ठेवू लागली. तेवीस फेऱ्यांत नऊ वेळा रोबो वळणावर भलतीकडे गेला होता. त्या नवांपुढे तिने हाताच्या पंजाचं चित्र काढलं होतं, म्हणजे कॅप्टनने रोबो हातात धरून चालू केला. त्या रोबोतला जायरो, म्हणजे किती वळलो ते मोजणारा सेन्सर, चालू होताना स्थिर लागतो. तेव्हा हलला तर पुढे उभ्या जागीही त्याचे अंश सरकत राहतात. सरांनी चित्रं बघितली आणि लगेच ओळखलं.

सिनेमा असता तर इथे टाळ्या पडल्या असत्या. प्रत्यक्षात कॅप्टन म्हणाला, "ते मला माहीतच होतं." पुढच्या शनिवारपासून मात्र तो रोबो जमिनीवर ठेवून, हात मागे घेऊन, मग चालू करू लागला. उर्वी अर्थातच पेटली. श्रेय कुणाचं, यावर आमची अख्खी एक भेट गेली, आणि ती मला वाया गेली असं वाटत नाही. त्या भेटीत तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडावर बोलायचं वाक्य तयार केलं: "माहीत होतं तर नऊ वेळा का चुकलास?" ते तिने खरंच म्हटलं. उत्तर आलं नाही म्हणे, पण लॅपटॉप घंटेच्या आधी दोन मिनिटं मिळाला.

स्पर्धेच्या रात्री आईंचा फोन आला. आवाज चढलेला. तीन फेऱ्या असतात आणि त्यांतला सर्वांत चांगला गुण धरतात. पहिल्या दोन यथातथा. तिसऱ्या फेरीत सगळं जमून आलं होतं, आणि उर्वीने रोबो बोटभर तिरका ठेवला. हात मॉडेलमध्ये अडकला, तो सोडवेपर्यंत वेळ संपला. टीम पुढच्या फेरीला गेली नाही.

"तिच्यामुळे गेलं, मॅडम. तो मुलगा सगळ्यांसमोर ओरडला तिच्यावर."

"मग?"

"मग काय, ही पण ओरडली."

"आणि तुम्ही?"

बराच वेळ काही आवाज आला नाही. "वरणभात लावलाय," त्या म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी उर्वी शेवटचं भेटायला आली ती वही घेऊन. अकरावं प्रकरण लिहून झालं होतं, कॅप्टनच्या तोंडून, स्पर्धेच्या दिवसाचं. आजीने यात एकही ऱ्हस्व-दीर्घ काढला नव्हता, फक्त शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. ती ओळ अशी: "उर्वीने रोबो तिरका ठेवला. माझे बाबा दारात असते तर मीपण तिरकाच ठेवला असता. पण हे मी तिला सांगणार नाहीये."