पांढरे चट्टे, आकडी आणि सीटी स्कॅनमधले ठिपके

प्रश्न : माझी मुलगी ४ वर्षांची आहे. तिला दोनदा आकडी आली. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे ठिपके दिसले, तेव्हा ‘मेंदूत जंत झालेत’ असं कुणी सांगितलं. पाठीवर, पोटरीवर जन्मापासून पांढरट चट्टे आहेत. घरात तेही जंतांचेच समजतात. रिपोर्टात मात्र ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस?’ असं लिहिलंय. खरं काय?
– एक पालक, लातूर

उत्तर : ठिपके किती, यापेक्षा ते कुठे आहेत ते आधी पाहा. फिताकृमीच्या वाळलेल्या गाठी बहुधा मेंदूत इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस म्हणजे जनुकातल्या बदलामुळे मेंदू, त्वचा, मूत्रपिंड अशा अवयवांत गाठी होणारा आजार. त्यातल्या गाठी मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या भिंतीला चिकटून असतात. रिपोर्टात ‘सबएपेंडायमल’ (म्हणजे पोकळीच्या अस्तराखालचं) हा शब्द असेल तर हा आजार असण्याची शक्यता जास्त.

आता चट्टे. जंतांमुळे चट्टे पडतात हा समज चुकीचाच. किमान ५ मिमीचे, तीन किंवा जास्त चट्टे हा या आजाराचा एक प्रमुख निकष आहे. रंग गोरा असेल तर ते सहज नजरेतून सुटतात. त्वचारोगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) पाहतात. कमरेवर जाडसर, खडबडीत त्वचा आहे का, नाकाच्या बाजूंना लालसर पुळ्या आहेत का, तेही दाखवा. या पुळ्यांवर मुरमांचं मलम लावत वर्षं घालवणारे बरेच भेटतात. पोकळीलगतच्या दोन किंवा अधिक गाठी हा दुसरा प्रमुख निकष. असे दोन निकष जुळले की जनुक तपासणीशिवायही निदान पक्कं धरतात.

तरी एमआरआय हवाच. मेंदूच्या पृष्ठभागातल्या ज्या गाठींमुळे आकडी येते, त्या सीटीत बऱ्याचदा दिसत नाहीत. एमआरआयच्या ‘फ्लेअर’ चित्रांत पांढऱ्या उठून दिसतात. पोकळीच्या तोंडाशी वाढणारी गाठ पाणी अडवू शकते, म्हणून २५ वर्षांपर्यंत दर १ ते ३ वर्षांनी एमआरआय करतात. मध्येच सकाळी उलट्या, डोकेदुखी सुरू झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सोबत ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी), हृदयाची इको, मूत्रपिंडांचा एमआरआय आणि डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या.

आकडीचं औषध स्वतःहून बंद करू नका. जंतांचं औषध या गाठींवर चालत नाही. गाठ वाळून कॅल्शियम झालेली असेल तर खऱ्या फिताकृमीतही ते देत नाहीत.

सुमारे दोन तृतीयांश मुलांत जनुकातला बदल नव्याने झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. तरी तुम्हा दोघांची त्वचा आणि नखं तपासून घ्या, कारण एकाला आजार असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका ५० टक्के. या आजाराशी संबंधित टीएससी-१, टीएससी-२ जनुकांची तपासणी १० ते १५ टक्के रुग्णांत निगेटिव्ह येते. तेवढ्यावरून निदान रद्द होत नाही.